सरासरीत हरवलेला माणदेश

औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. पण एकेकाळी दोन्ही गावे औंध या एकाच संस्थानात होती. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने कारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला. सत्ता देता आली, पाऊस कुठून देणार? १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी दुष्काळ जिथल्या तिथे राहिला.

अशा माणदेशासारख्या मुलखाचे दारिद्र्य मोजायचे कसे, हा प्रश्न वि. म. दांडेकरांनी आयुष्यभर हाताळला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळावेत, एवढीच त्यांची माफक कसोटी. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. तेवढेही न मिळणारे खेड्यांत सुमारे ४० टक्के, शहरांत जवळपास निम्मे! पुढच्या काही वर्षांत देशाचे सरासरी उत्पन्न वाढले, पण शहरांतल्या तळच्या पाचव्या हिश्शाचा खर्च उलट घटला. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आणि डाव्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचा उपाय होता: मागेल त्याला सार्वजनिक काम.

लगेच १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणारे हात, पाझर तलावांवरची माती, मुकादमाचा हजेरीपट, वाटली जाणारी सुकडी आणि परदेशी मिलो हे सारे त्या पिढीला अजून आठवते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी कामाच्या हक्काची कल्पना लावून धरली होती. तिचा १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चाची सोय मला विशेष वाटते: शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि खेड्यातल्या मजुराला रोजगार द्यायचा. आपल्या पगारपत्रकावरच्या त्या छोट्या कपातीचे मूळ किती जणांना माहीत असेल?

पाण्याच्या बाबतीत मात्र दांडेकरांचे कोणी ऐकले नाही. दत्ता देशमुख आणि देऊसकर या समितीतल्या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७९ मध्ये सुचवले, की कालव्याचे पाणी बारमाही उसाला न देता आठमाही द्यावे, म्हणजे ते अधिक शेतांपर्यंत पोचेल. ऊस काही हटला नाही.

पुढे प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९८४ च्या अहवालाने अनुशेष ठरवला तो जिल्हा हे एकक धरून. इथे मात्र माझा त्यांच्याशी वाद आहे. सरासरीखाली गरीब दडतो हे ज्यांनी देशाला दाखवले, त्यांच्याच मोजपट्टीत साताऱ्यात कराडच्या हिरव्या शिवाराने माण-खटाव झाकले गेले आणि सांगलीत वाळव्याच्या उसाआड आटपाडी.

त्या आटपाडीने मग अहवालाची वाट पाहिली नाही. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर या चळवळीतल्या नेत्यांच्या पुढाकाराने १९९३ पासून तिथे पाणी परिषदा भरू लागल्या. मागणी होती समन्यायी वाटपाची: कृष्णेच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा, मग त्याच्या नावावर सातबारा असो वा नसो. कृष्णेवरच्या टेंभू योजनेचे पाणी आता आटपाडीत आले आहे. भूमिहीनाच्या वाट्याची मागणी मात्र अजून मागणीच आहे.