काविळीची माळ आणि यकृतातील पेशी

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालेगाव तालुक्यात वसलेल्या मेडशीसारख्या वऱ्हाडातील गावांतून, डोळे पिवळे दिसू लागले की गळ्यात काड्यांची माळ घालण्याची, अथवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवण्याची चाल पूर्वापार आहे. काड्या वाळून आकसतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ लांबते. हातांना आंब्याच्या सालीचा रस अगोदरच चोळलेला असला तर चुन्याचे पाणी पिवळे होते. आणि मोठ्या माणसांच्या बहुतेक काविळी आपोआप ओसरत असल्यामुळे श्रेय माळेच्या पदरी पडते. परंतु हिपॅटायटिस बी या विकारात पिवळेपणा ओसरणे हा रोगमुक्तीचा दाखला नव्हे. जीर्ण अवस्थेत तर वर्षानुवर्षे डोळे पिवळे होतच नाहीत.

हिपॅटायटिस बीचा विषाणूच यकृत पोखरून खातो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः तो यकृतपेशीत शिरून आपल्या प्रती काढीत राहतो, पण सहसा तिला स्वतः मारीत नाही. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत, ज्यांच्या यकृतपेशी जन्मतःच या विषाणूची प्रथिने घडवीत अशा उंदरांना त्यामुळे यकृतदाह झाला नाही. मात्र त्या प्रथिनांना ओळखणाऱ्या, प्रतिकारसंस्थेतील मारक टी-पेशी त्यांच्या रक्तात सोडताच काही तासांत यकृताला इजा होऊ लागली. तुरीत शिरलेली रानडुकरे हाकलताना राखणदारांच्याच पायांखाली पीक तुडवले जावे, तसा हा प्रकार आहे.

मग काहींची कावीळ पुरती बरी का होते? जोमदार टी-पेशी काही बाधित पेशी नष्ट करतात, आणि इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्ये स्रवून पुष्कळशा पेशींतील विषाणूचा, पेशी न मारताच, बंदोबस्त करतात. जीर्ण संसर्गात मात्र याच पेशी संख्येने थोड्या आणि पीडी-१ नावाच्या लगामाने जखडलेल्या असतात. विषाणू निपटून काढण्याइतके बळ त्यांच्यात उरत नाही, दाह धुमसत ठेवण्याइतके मात्र उरते. त्यांच्या हाकेसरशी विषाणूची ओळखही नसलेल्या इतर श्वेतपेशी यकृतात जमतात, मोडतोड वाढते, भरून काढलेल्या जागी तंतू साचतात, आणि वीस-तीस वर्षांनी काहींच्या नशिबी सिरॉसिस किंवा कर्करोग येतो.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा, रोग पळेल’ हा सल्ला मला घातक वाटतो. शक्ती सरसकट वाढवून भागत नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेलीच्या सेवनानंतर स्वप्रतिकारी स्वरूपाचा यकृतदाह झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, तरी आधीच दुखावलेल्या यकृतावर अनोळखी काढ्यांचे प्रयोग करू नयेत, हेच शहाणपणाचे. उलट, कर्करोगाच्या औषधांनी किंवा स्टेरॉइडांनी प्रतिकार दबला तर निद्रिस्त विषाणू पुन्हा माजतो, आणि प्रतिकार परतताच तीव्र दाह उसळू शकतो. यास्तव अशा उपचारांपूर्वी एचबीएसएजीची, म्हणजे रक्तातील या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची, तपासणी अगत्याची.

यकृताची इजा दाखवणारे रक्तातील एसजीपीटी एकदा प्रमाणात आले म्हणजे सारे ठीक, हेही खरे नव्हे. जन्माच्या वेळी आईकडून बाधित झालेल्या बालकांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत संसर्ग कायम राहतो, आणि रक्तात अफाट विषाणू असूनही त्यांचे एसजीपीटी दीर्घकाळ प्रमाणात राहू शकते. प्रौढपणी बाधा झाल्यास संसर्ग टिकण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी. बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत लस देण्यामागचा हेतू हाच; पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत पेंटाव्हॅलंट लशीतून तिच्या मात्रा मिळतात.

बाधितांचे ताट-वाटी वेगळी करणे निखालस अन्याय आहे. हा विषाणू रक्त, असुरक्षित संभोग, दूषित सुया, सामाईक वस्तरा, तसेच प्रसूतीच्या वेळी आईकडून पसरतो. एकत्र जेवल्याने नव्हे. घरातल्यांनी तपासणी करून लस घ्यावी, इतकेच पुरे. टेनोफोव्हिरसारखी गोळी विषाणूची वाढ रोखते, पण पेशीच्या केंद्रकात दडलेला त्याचा मूळ दस्तऐवज पुसत नाही. म्हणून बरे वाटले तरी वैद्यांना न विचारता ती थांबवू नये. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली, जो २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, या तपासण्या आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांतून विनामूल्य मिळतात.