मेंदूतला गुंता : काढावा की राहू द्यावा?

आधीच सांगून टाकतो, मी औषधं लिहून देणारा डॉक्टर नाही. माझी डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली, तिनं कुणाचा ताप उतरत नाही. तरी आज मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर बोलतोय, कारण दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी फाइल घेऊन घरी आला होता. मुलगा बावीस वर्षांचा. रात्री एकदम आकडी आली. घरच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, दातात चमचा घातला. (हे करू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर डॉक्टरांना दाखवायचंच.) नांदेडला एमआरआय झाला आणि रिपोर्टात तीन अक्षरं आली : एव्हीएम. "सर, एक डॉक्टर म्हणतात काढा, दुसरे म्हणतात राहू द्या. दोघंही जाणते. मग खरं कुणाचं?"

आता हे एव्हीएम काय, ते आपल्याच भागातल्या उदाहरणानं बघू. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यानं वसमतकडं येतं. कालव्यातून चारी, चारीतून शेत, आणि शेतात मुरून उरलेलं पाणी नाल्याला. मेंदूतही असंच असतं. धमनी म्हणजे कालवा, केसाहून बारीक केशवाहिन्या म्हणजे शेत, आणि शीर म्हणजे नाला. एव्हीएममध्ये मधलं शेतच नसतं. कालवा थेट नाल्यात फोडलेला. जोराचं रक्त पातळ भिंतीच्या शिरेत घुसतं, शीर फुगते आणि एखाद्या दिवशी फुटते. शेजारच्या भागाला रक्त कमी पडू शकतं, ते वेगळंच. बहुतेकांना कुणाला हा गुंता आहे हे ठाऊकही नसतं. आकडी, सततची डोकेदुखी किंवा थेट रक्तस्राव, यांतून तो कळतो.

लोक यात दोन गोष्टींची गल्लत करतात. धमनीला फुगा येतो तो अ‍ॅन्युरिझम. आणि कॅव्हर्नोमा म्हणजे मंद रक्ताच्या पोकळ्यांचा लहानसा घोस. हा अँजिओग्राफीत सहसा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तिन्हींचे उपचार वेगळे, म्हणून रिपोर्टातला शब्द नीट वाचून घ्या.

निदानाचं म्हणाल तर ताजा रक्तस्राव सीटी स्कॅनवर पटकन कळतो. गुंता मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागात आहे ते एमआरआय दाखवतो. पण रक्त वाहताना पाहायचं तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी करावी लागते. औषध सोडल्यावर शीर वेळेआधीच भरलेली दिसली, की ओळख पटली. ही तपासणी लिस्बनच्या एगास मोनिझनं १९२७ मध्ये माणसावर केली. त्याला नोबेल मिळालं १९४९ मध्ये, तेही याबद्दल नाही, तर मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, जी आज जवळजवळ टाकून दिलीय. बक्षिसांचं असं असतं!

उपचाराचे रस्ते तीन. कवटी उघडून गुंता काढणं. नळीतून आत जाऊन डिंकासारख्या द्रव्यानं वाहिन्या बुजवणं. हे बऱ्याचदा पूर्वतयारी म्हणून करतात. तिसरा, गॅमा नाइफसारखी किरणं. यात चिरफाड नाही, पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटण्याचा धोका राहतोच. हे सहसा तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गुंत्याला. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर १९८६ पासून एक गुणपद्धती वापरतात : आकार किती, बोलणं-चालणं सांभाळणाऱ्या भागात आहे का, रक्त खोल शिरांत जातं का. एक ते पाच गुण. जितके जास्त, तितकी सुरी जोखमीची.

आता खरा पेच. न फुटलेल्या गुंत्याचा फुटण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के धरतात. ३ धरू. विद्यार्थ्यानं लगेच हिशेब केला, "पन्नास वर्षांत दीडशे टक्के?" नाही हो. दरवर्षी न फुटण्याची शक्यता ९७ टक्के, ती पन्नास वेळा गुणायची. उरतात २२. म्हणजे बाविशीतल्या मुलाला पन्नास वर्षांत फुटण्याची शक्यता ७८ टक्क्यांच्या आसपास. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला, पुढची दहाच वर्षं धरली तर, २६. गुंता तोच, उत्तर वेगळं.

मग काढाच, असं वाटेल. पण २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अरुबा नावाची चाचणी छापून आली. न फुटलेले गुंते असलेले २२३ रुग्ण. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या १०९ पैकी ११ जणांना पक्षाघात किंवा मृत्यू आला. ज्यांच्या गुंत्यावर उपचार ठरवले त्या ११४ पैकी ३५ जणांना. फरक एवढा की नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवलं. टीकाकार म्हणाले, सरासरी पाठपुरावा जेमतेम ३३ महिन्यांचा. उपचाराची जोखीम सुरुवातीलाच येते, फायदा मात्र चाळीस वर्षांत दिसतो. मला हा आक्षेप वजनदार वाटतो, तरुणांच्या बाबतीत तर नक्कीच. म्हणजे ते दोन डॉक्टर भांडत नव्हते. एक तीन वर्षांचं बोलत होता, दुसरा पन्नास वर्षांचं.

आणि टक्केवारी असते समूहाची, मुलगा एकटा. त्या दिवशी आम्ही मोठे बैठकीत बोलत होतो आणि तो बाहेर ओट्यावर बसलेला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी आत बोलावलं. त्याचा पहिला प्रश्न, "सर, मला ट्रॅक्टर चालवता येईल का?" आकडी पूर्ण ताब्यात येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, आणि विहिरीत पोहणंही नाही. हे त्याला गुंत्यापेक्षा जास्त लागलं.

त्याचा गुंता दोन सेंटिमीटरचा, न फुटलेला. त्यानं किरणांचा रस्ता घेतला. खर्चाचं विचाराल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठला उपचार बसतो ते अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही. गेल्या एमआरआयमध्ये गुंता आकसलेला दिसला. पूर्ण बंद झाला का, हे अँजिओग्राफीच सांगेल. ती दिवाळीनंतर आहे. आकडीच्या गोळ्या चालू आहेत, आणि ट्रॅक्टर अजून धाकटा भाऊच चालवतो.