षट्कारांचे कर्नल : सी. के. नायडू

बेसबॉलमध्ये होमरनला जे माहात्म्य, ते हिंदी क्रिकेटमध्ये षट्कारास ज्यांनी प्राप्त करून दिले, ते नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मले व पुढे होळकर दरबारच्या लष्करात हुद्द्यावर रुजू झाले. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध अकरा षट्कारांसह त्यांनी १५३ धावा केल्या, तेव्हा प्रतिपक्षानेच त्यांना रौप्य बॅट अर्पण केली. या सन्मानाची सर, माझ्या मते, कोणत्याही पदकास येणार नाही. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार होते. ऑलिंपिक मात्र त्यांच्या वाट्यास आले नाही. कारण १९०० नंतर क्रिकेट तेथे थेट २०२८ साली परतावयाचे आहे. मैदानांवर उंच फटके मारणाऱ्या मुलांनी हे नाव अवश्य ध्यानी ठेवावे.