श्वास घ्या, म्हणताना

‘श्वास घ्या’ हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. म्हणताना तुमचा श्वास बाहेर जात असतो. आपण बोलतो ते जवळजवळ सगळं उच्छ्वासावरच: फुप्फुसांतून निघालेली हवा स्वरतंतूंना थरथरवते, तेव्हा कुठे आवाज होतो. म्हणजे समोरच्या पंचवीस जणांना श्वास आत घ्यायला सांगणारी योगशिक्षिका त्याच क्षणी स्वतःचा श्वास सोडत असते. त्यांची सोडायची वेळ आली, की ‘आता सावकाश सोडा’ म्हणण्यासाठी ती घाईने तोंडानेच हवेचा एक घोट घेते. मी अकरा वर्षं हे करत होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

लक्षात आलं ते आवाज बसल्यावर. त्या वर्षी रोज पाच बॅच होत्या, पहिली पहाटे साडेपाचला. खरं तर आवाजाच्या आधीच मन उतरलं होतं. सगळे शवासनात निजलेले असताना मी घड्याळाकडे बघायची. लोकांची नावं पुसट झाली होती. ‘गुडघा आज आला नाही’, ‘स्लिप डिस्कला लोड दे’, असं मी मदतनीस मुलीला सांगायची. हे लिहिताना आजही टोचतं.

याला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. भल्या हेतूने, जीव ओतून काम करणारी माणसंच आतून कशी विझत जातात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. पुढे क्रिस्टीना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: थकवा, माणसांबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. माझा ‘गुडघा’ दुसऱ्या खुणेत बसत होता.

पण मी खरी चकित झाले ती ‘हठप्रदीपिका’ पुन्हा उघडल्यावर. स्वात्मारामांचा हा ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी येतात. अति खाणं आणि मनाची चंचलता या दोन मी बाजूला ठेवल्या. उरल्या चार: शरीराला अति शिणवणं, अति बोलणं, नियमांना चिकटून बसणं आणि सतत माणसांत असणं. माझं वेळापत्रकच कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं! दिवसाला पाच वेळा सूर्यनमस्कार दाखवणं, पाच तास बोलणं, एका मिनिटाचाही उशीर न करणं, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं. योग शिकवून पोट भरणाऱ्याचा रोजचा दिवस हा असाच असतो. लगेच पुढच्या श्लोकात योग कशाने साधतो ते येतं, आणि त्यात पहिला शब्द आहे ‘उत्साह’. मी हा श्लोक शिकवला होता. उत्साह म्हणजे चेहऱ्यावर ठेवायचं हसू, असंच तोवर धरून चालले होते.

डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. तीन बॅच मी दुसऱ्या शिक्षिकेकडे दिल्या, त्या कायमच्याच, आणि तिच्याच वर्गात शेवटच्या रांगेत सतरंजी टाकली. कुणाला काही सांगायचं नाही, कुणाचं काही सुधारायचं नाही. पहिले आठ दिवस नुसती झोप येत होती. आवाज थोडा परतला तेव्हा एक दिवस भ्रामरी होती.

भ्रामरीत ओठ मिटलेले, जबडा सैल, आणि उच्छ्वासावर भुंग्यासारखा गुंजारव. इथेही श्वास बाहेरच जातो, पण त्यावर शब्दांचं ओझं नसतं. उच्छ्वासात हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, श्वास घेताना वाढतात. म्हणून हा लांबलेला गुंजारव शरीराला सावकाश खाली उतरवतो. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली. गुणगुणताना नाकावाटे बाहेर पडणारं नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट निघालं. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, आणि तो तयार होतो नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये. कंपनांमुळे तिथली कोंडलेली हवा घुसळून बाहेर येते. आपल्या चेहऱ्याच्या हाडांत रिकाम्या खोल्या आहेत आणि आवाजाने त्यांची दारं उघडतात, हे मला अजूनही दिवसातून एकदा आठवतं.

वर्गात परतले तेव्हा ठरवलं होतं, सूचना निम्म्या करायच्या. आसन एकदा करून दाखवायचं आणि गप्प राहून बघायचं. बघत राहिलं की दिसतंही: ताडासनात कुणाची करंगळी जमिनीला लागतच नाही, कुणी हात वर नेताना श्वासच रोखून धरतं.

त्या आठवड्यात भ्रामरी घेतली. दुसऱ्या रांगेत एक काका बसतात, एसटीत कंडक्टर होते. मी ज्यांना ‘गुडघा’ म्हणायची, ते हेच. तिसऱ्या आवर्तनात त्यांनी डोळे उघडले, भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं आणि लहान मुलासारखे म्हणाले, “मॅडम, इथं घुमतंय हो!”

“कुठे, दाखवा,” म्हणत मी त्यांच्यासमोर मांडी घातली. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. मीही घेतला.