ढेकणांना धग देण्याआधी बंदुकीची दारू आणि गंधक कुठे आहे ते पाहा

गहू कोठीत पडला, द्राक्षे उतरली, खरड छाटणीही उरकली, की वैशाखाच्या उन्हात घरोघर एकच काम निघते. ढेकूण, सोंडे आणि भुंगेरे यांचा बंदोबस्त! कुणी बाजेच्या खाचांतून पेटता स्टोव्ह फिरवतो, कुणी पत्र्याच्या खोलीत शेगडी ठेवून दार लावून घेतो, तर कुणी गंधकाची धुरी देतो. किडीला उष्णता सोसत नाही, हे खरे आहे. पण ही धग देताना त्याच खोलीत आणखी काय काय ठेवले आहे, हे आपण पाहत नाही. आजचा विषय तेवढाच आहे.

विंचूरच्या एका मळ्यात मी गव्हाला लागलेली कीड बघायला गेलो होतो. खोलीत शेगडी पेटवायची तयारी झालेली. कोपऱ्यात गंधक भुकटीची अर्धी गोणी, तोंड उघडे. तिला टेकून तेरा-शून्य-पंचेचाळीसची पिशवी, शेजारी कोळशाचे पोते. वर कोनाड्यात एक पत्र्याचा डबा. विचारले तर म्हातारबाबा सहज म्हणाले, "ती व्हय? बंदुकीची दारू हाय, वडिलांपासूनची. डुकरांसाठी." विंचूरला दारू म्हटले की हल्ली लोकांना वाइन पार्क आठवतो, पण ही दारू वेगळी. शेगडी तशीच उचलून आम्ही अंगणात आणली.

आता हिशेब बघा. बंदुकीची काळी दारू तीन वस्तूंची बनते: सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि आपण द्राक्षाला देतो ते तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजेही पोटॅशियम नायट्रेटच. भुरीसाठी गंधक तर प्रत्येक बागायतदाराकडे असते. म्हणजे ठासणीची बंदूक गावात मोजक्यांकडेच असली, तरी तिच्या दारूचा कच्चा माल निम्म्या घरांत एकाच भिंतीला लावलेला आहे. गोण्या वेगवेगळ्या आणि बंद असतील तोवर भीती कमी. पण गोणी फाटून सांडलवंड झाली, झाडताना सगळे एकत्र झाले आणि वर निखारा पडला, तर परिणाम सांगायला नको. गंधक सुमारे ११५ अंशांना वितळते, लवकर पेट घेते, आणि त्याची भुकटी हवेत उडालेली असताना ठिणगी मिळाली तर भडका होतो. तेरा-शून्य-पंचेचाळीस स्वतः जळत नाही. मात्र जळणाऱ्याला प्राणवायू पुरवते. म्हणून अशी आग माती टाकून गुदमरत नाही, तिला भरपूर पाणीच लागते.

खोली तापली म्हणून दारू आपोआप उडेल, असे नाही. किडीला ५०-६० अंश पुरतात. काळ्या दारूला पेट घ्यायला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. धोका आहे तो निखाऱ्याचा, ठिणगीचा आणि स्टोव्हच्या जाळाचा. काडतुसातली बिनधुराची दारू मात्र वेगळी. ती उष्णतेने हळूहळू बिघडते. आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती खराब झाली समजावे. अशी दारू किंवा वाडवडिलांपासून पडून असलेला साठा विहिरीत टाकू नये, पुरू नये, पेटवून तर बघूच नये. हलवण्याआधी पोलीस ठाण्याला कळवावे.

पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. परवानाधारकांनी एक ध्यानात घ्यावे. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा होते आणि दारूचा डबा कोनाड्यातच विसरला जातो. पोलीस पाटलांनी त्या वेळी डब्याचीही चौकशी केली तर बरे होईल.

जुने लोक याबाबत आपल्यापेक्षा दक्ष होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, तळघरात माच घालून दारू ठेवावी, आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे, असे बजावले आहे. ते ऊन दारू सर्द होऊ नये म्हणून, आणि पहाऱ्यात. आपण तो उद्योग करू नये, पण घरापासून अंतर ठेवण्याची गोष्ट आजही तितकीच लागू आहे.

तर धग देण्याच्या आदल्या दिवशीच दारू, काडतुसे, गंधक आणि खते त्या खोलीतून हलवावीत; आयत्या वेळी, शेगडी पेटल्यावर नव्हे. दारूचा डबा मूळचाच राहू द्यावा. जाड लोखंडी पेटीत घट्ट कोंडलेली दारू पेटली तर नुसती जळत नाही, फुटते. डबा थंड, कोरड्या, पक्क्या खोलीत कुलूप लावून ठेवावा आणि किल्ली परवानाधारकाकडेच असावी. शेजाऱ्याकडे सांभाळायला देऊ नये, ते कायद्यात बसत नाही. पत्र्याची शेड आणि उन्हात उभी जीप या जागा तर साफ वर्ज्य. गंधक एका बाजूला, तेरा-शून्य-पंचेचाळीस दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत. सांडलेले ओल्या फडक्याने पुसावे, खराट्याने उडवू नये.

आणि खरे सांगायचे तर घरात जाळ आणण्याची गरजच काय? बंद खोलीतल्या शेगडीचा वायू माणसाचा जीव घेतो, गंधकाची धुरी छातीत भरते. सल्फासच्या गोळ्यांचे तर घरात नावच काढू नये. त्यापेक्षा कीडच उन्हात न्यावी. अंगणात काळे प्लॅस्टिक अंथरून वाळलेले धान्य दोन बोटे जाडीने पसरावे, वरून पारदर्शक कागद टाकून कडा मातीने दाबाव्यात. कडक उन्हात दुपारी बारा ते तीनमध्ये आतले तापमान ५० अंशांच्या पुढे जाते. बियाण्याला मात्र हा उपाय करू नये, उगवण मार खाते. धान्य पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावे, नाहीतर घाम सुटून बुरशी धरते.

बाजेच्या खाचांत उकळते पाणी ओतावे. अंथरुणे काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवावीत, दुपारी एकदा उलटावीत. गादी जाड असेल तर मधला भाग तापत नाही, तिला दोन-तीन दिवस द्यावेत. राहिलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी हेच पुन्हा करावे. तोवर दारूचा डबा जिथे हलवला तिथेच राहू द्यावा.