शाळेपूर्वीचा शेजार : बडोद्यातील घरी राहणारे पालक आणि बालकांचे खेळगट

प्रस्तावना

मूल तीन वर्षांचे होईपर्यंत कोठे शिकते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे एका शब्दात दिले जाते : घरी. ‘माँ की गोद पहला मदरसा’ हे वाक्य शैक्षणिक सभांतून वारंवार ऐकू येते. परंतु त्या पहिल्या मदरशातील शिक्षिकेला सोबत कोणाची, तिला सुटी केव्हा आणि तिच्या विद्यार्थ्याला वर्गमित्र कोण, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात बडोदे शहराच्या संदर्भात, घरी राहून मुले सांभाळणारे पालक आणि लहान मुलांचे खेळगट यांच्या सामाजिक बाजूचा विचार केला आहे.

‘प्लेग्रुप’ अशी पाटी लावून, शुल्क आणि गणवेश ठरवून चालणारी खासगी शाळा येथे अभिप्रेत नाही. पाच-दहा घरांतील लहान मुले ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र येतात. त्यांना घेऊन आलेली आई, वडील किंवा आजी-आजोबा तेथेच थांबतात. मुले खेळतात आणि मोठी माणसे त्यांच्याकडे लक्ष ठेवत आपसात बोलतात. एवढ्याच व्यवस्थेला येथे खेळगट म्हटले आहे.

तीन वर्षांखालील मुलांची पोकळी

गुजरात राज्याच्या २०१२ च्या शिक्षण हक्क नियमांनुसार, त्या वर्षीच्या १ जून रोजी तीन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास बालशाळेत प्रवेश देता येत नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट राज्यात लागू झाली. तिला काही पालकांनी आव्हान दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि तीन वर्षांखालील मुलाला बालशाळेत जाण्यास भाग पाडणे हे पालकांचे बेकायदेशीर कृत्य आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले.

बालविकासाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. मात्र त्यातून एक प्रश्न उरतो. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी असते. त्याहून लहान मुलांचा अंगणवाडीशी संबंध मुख्यतः लसीकरण, वजन आणि घरी नेण्याचा पूरक आहार एवढ्यापुरता येतो. म्हणजे चालू लागलेल्या मुलापासून तीन वर्षांच्या मुलापर्यंत, इतर मुलांत मिसळण्याची हक्काची जागा कोठेच नाही. अडीच वर्षांच्या मुलाला शाळेत घालू पाहणाऱ्या प्रत्येक पालकाला अक्षरओळखीची घाई झालेली असते असे नाही. पुष्कळांना मुलासाठी फक्त सोबत हवी असते, आणि ती शाळेशिवाय अन्यत्र मिळत नाही.

घरी राहणारा पालक

भारतीय जनगणनेत केवळ घरकाम आणि मुलांचे संगोपन करणारी स्त्री ‘काम न करणाऱ्यां’मध्ये मोजली जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे चित्र मात्र वेगळे आहे. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातील मुले, वृद्ध व आजारी यांची काळजी घेण्यासाठी स्त्रिया १३४ आणि पुरुष ७६ मिनिटे देतात. दिवसातील इतका वेळ खाणारे हे काम बहुतेक वेळा एकटीने, बंद दाराआड करावे लागते.

तरीही घरी राहणारा पालक म्हणजे केवळ आई असे समजू नये. सून नोकरीला जाते तेव्हा दादी किंवा नाना मूल सांभाळतात. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना किंवा मकरपुरा औद्योगिक वसाहत येथे पाळीने काम करणारे वडील अनेकदा सकाळी घरी असतात. खेळगटाची वेळ ठरविताना यांचाही विचार झाला, तर संगोपन हे एकट्या आईचे काम आहे हा समज थोडा तरी सैल होईल.

पोळीतून फ्लॅटमध्ये

जुन्या बडोद्यात खेळगटाला नावाची गरज नव्हती. मांडवीच्या परिसरातील पोळी आणि खडक्या, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी वाडे यांची रचनाच अशी होती की, ओट्यावर बसलेली बाई भाजी निवडता निवडता चार घरांच्या मुलांवर नजर ठेवी. दुपारच्या वेळी शेजारीण मूल कडेवर घेऊन येई. घरात काय चालले आहे, मुलाला खोकला किती दिवसांचा आहे, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, हे सारे त्या ओट्यावर बोलले जाई. मुलांना सोबती आणि आयांना सल्ला, दोन्ही एकाच जागी मिळत.

शहर वाढले तसे कुटुंब लहान झाले आणि ओट्याची जागा फ्लॅटच्या बंद दाराने घेतली. ही कथा सर्वच शहरांची आहे. बडोद्यात तिला आणखी एक पदर आहे. दंगलींच्या भीतीने, विशेषतः २००२ नंतर, अनेक मुस्लिम कुटुंबे तांदळजासारख्या वस्त्यांत एकवटली. १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याने अधिसूचित भागांत घराच्या खरेदी-विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक केली. भीतीने विकल्या जाणाऱ्या घरांना संरक्षण देण्याचा त्याचा हेतू सांगितला गेला. पण मिश्र शेजार पुन्हा उभा राहणेही त्यामुळे कठीण झाले. जून २०२४ मध्ये हरणी भागातील सरकारी गृहयोजनेत एका मुस्लिम कुटुंबाला मिळालेल्या सदनिकेला इतर रहिवाशांनी विरोध केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हे अंतर किती वाढले आहे हे दिसून आले.

मोठ्यांच्या या विभागणीचा परिणाम मुलांवर विनासायास होतो. शाळेत जाईपर्यंत, आणि कित्येकदा शाळेत गेल्यावरही, मुलाला आपल्यापेक्षा वेगळ्या घरातले मूल भेटतच नाही. जे कधी भेटले नाही, त्याच्याविषयी पुढे इतरांनी जे सांगितले ते खरे वाटू लागते.

बडोद्याचा वारसा

या कामी बडोद्याला पूर्वपीठिका नाही असे मुळीच नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली येथे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. त्यांच्याच काळात तेथे गृहविज्ञान शाखा उभी राहिली. या शाखेतील मानव विकास विभागाशी जोडलेली ‘चेतन बालवाडी’ ही प्रयोगशाळा-बालवाडी म्हणून देशभरातील अभ्यासकांना परिचित आहे. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत तत्कालीन बडोदे जिल्ह्यातील छोटा उदेपूरचा समावेश होता.

‘अंगणवाडी’ या शब्दामागची कल्पना ताराबाई मोडक यांची. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल ज्या अंगणात आहे तेथे शिक्षणाने जावे, हे ते सूत्र. फ्लॅटमधील मुलाचे अंगण हरवले असेल, तर ते सार्वजनिक जागेत पुन्हा मांडावे लागेल, असा त्याचा आजचा अर्थ घेता येईल.

मूल काय शिकते

अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या खेळातील सामाजिक सहभागाचे प्रकार सांगितले. त्यांतील पुढील प्रकार खेळगटात सहज ओळखता येतात.

१. एकट्याचा खेळ : मूल आपल्याच डब्या-झाकणांत रमलेले असते.
२. बघ्याची भूमिका : दुसऱ्याचा खेळ लक्षपूर्वक पाहते, पण त्यात शिरत नाही.
३. शेजारी-शेजारी खेळ : दोन मुले एकाच वाळूत बसतात, दोघांचे घर मात्र वेगळे.
४. मिसळून खेळ : वस्तूंची देवघेव होते, बोलणे होते, परंतु ठरलेला हेतू नसतो.
५. सहकार्याचा खेळ : भातुकलीत एक आई होते, एक पाहुणा, आणि नियम सर्व मिळून ठरवितात.

हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकापुढे एक येतातच असे नाही. मोठे मूलही कधी एकटे खेळते, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. पालकांच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचा प्रकार तिसरा होय. दोन वर्षांची मुले शेजारी बसून ‘वेगवेगळी’ खेळतात, तेव्हा ती मिसळत नाहीत म्हणून आई निराश होते. वस्तुतः दुसऱ्याच्या जवळ निर्धास्तपणे बसणे हाच तेथील पाठ असतो. खेळणे हिसकावणे, रडणे, काही क्षणांनी तेच खेळणे परत देणे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

भाषेचा लाभ तर बडोद्यात विशेष आहे. घरात उर्दू, दुकानात गुजराती आणि समोरच्या दारात मराठी, अशी स्थिती असलेल्या या शहरात उर्दू लोरी, मराठी बडबडगीत आणि गुजराती जोडकणे एकाच सतरंजीवर म्हटली गेली, तर तीन भाषा मुलाच्या कानावर ओझ्याशिवाय पडतात.

पालकांना काय मिळते

न्यूझीलंडमध्ये १९४१ साली, महायुद्धाच्या काळात, वेलिंग्टनच्या स्त्रियांनी ‘प्लेसेंटर’ सुरू केले. मुलांना सोबती मिळावेत आणि घरात अडकलेल्या आयांना थोडा मोकळा वेळ मिळावा, हे दोन्ही हेतू त्यात होते. ब्रिटनमध्ये १९६० च्या सरकारी परिपत्रकाने बालशाळांची वाढ रोखून धरली. त्यानंतर १९६१ मध्ये बेल टुटेव्ह या लंडनच्या आईने ‘गार्डियन’ वृत्तपत्राला पत्र लिहून, पालकांनी स्वतःच गट चालवावेत असे सुचविले. तिला देशभरातून प्रतिसाद मिळाला आणि १९६२ मध्ये अशा गटांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दोन्ही ठिकाणी सरकार वा शाळा येण्यापूर्वी पालक एकत्र आले, आणि हे काम करताना कित्येक स्त्रिया हिशेब ठेवणे, सभा चालविणे, चार लोकांत बोलणे शिकल्या.

घरी राहणाऱ्या आईला अशा गटात सर्वप्रथम मिळतो तो दिलासा. आपलेच मूल हट्टी नाही, आपणच एकट्या थकलेलो नाही, हे तिला दुसऱ्या आईकडे पाहून कळते. मार्च २०२० पासून सुमारे दोन वर्षे अंगणवाड्या आणि बालशाळा बंद राहिल्या, तेव्हा या सोबतीचे मोल सर्वांनाच उमगले.

परंपरेतील आधार

लहान मुलांचा खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे पाहावे. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत असताना प्रेषित (स.) घरात आले की त्यांच्या मैत्रिणी संकोचून आड होत, तेव्हा प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवीत, असे हदीसमध्ये आले आहे. इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये मकतबातून आलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, खेळ बंद करून सतत शिकण्यास जुंपल्यास त्याचे मन मरते, असे प्रतिपादन केले आहे. आपल्याकडील बिस्मिल्लाहख्वानीचा समारंभही परंपरेने चार वर्षे, चार महिने, चार दिवस या वयात होतो. त्यापूर्वीचा काळ पाटी-पेन्सिलचा नाही, याची समज या प्रथेत आहे.

अडचणी आणि महाविद्यालयांचे कार्य

खेळगटात कटुताही निर्माण होते. ‘आमचा तर केव्हाच बोलू लागला’ ही तुलना गट मोडण्याचे पहिले कारण ठरते. दुसरे कारण खाऊच्या डब्याचे. शाकाहारी-मांसाहारी वाद टाळण्यासाठी केळी, कुरमुरे, भाजलेले चणे असा सर्वांना चालणारा खाऊ आधीच ठरवावा; चणे मात्र अगदी लहान मुलांपासून दूर ठेवावेत, कारण ते घशात अडकतात. काही स्त्रियांना पुरुषांच्या उपस्थितीत संकोच वाटेल. त्यांच्यासाठी बैठकीची वेगळी रचना किंवा वेगळा दिवस ठेवता येतो. तिसरा धोका, गट हळूहळू शाळा बनण्याचा. शुल्क, प्रवेश आणि गृहपाठ आला की खेळगट संपला असे समजावे.

संस्थांच्या महाविद्यालयांना या कामी पुढील गोष्टी करता येतील.

१. आठवड्यातून दोन सकाळी एक खोली, सतरंजी आणि पिण्याचे पाणी उपलब्ध करून देणे. मुलाची जबाबदारी सोबत आलेल्या पालकाचीच राहील.
२. विवाहानंतर वा मातृत्वानंतर शिक्षण सुटलेल्या माजी विद्यार्थिनींना गटाचे निमंत्रण देणे. मुलाच्या निमित्ताने महाविद्यालयात आलेली स्त्री अपूर्ण अभ्यासक्रमाकडे परत वळण्याची शक्यता अधिक.
३. भाषा विभागांनी उर्दू, मराठी व गुजराती बालगीतांचा तोंडी संग्रह विद्यार्थ्यांकडून करून घेणे.
४. महिन्यातून एकदा गट कमाटीबागेत नेणे आणि दुसऱ्या वस्तीतील गटालाही त्याच वेळी बोलावणे. १८७९ मध्ये खुली झालेली ही बाग कोणत्याही एका वस्तीची नाही. तांदळजाची आई आणि रावपुऱ्याची आई तेथे सारख्याच हक्काने बसू शकतात.

समारोप

खेळगटाने दंगली थांबतील किंवा शहराच्या भिंती पडतील, असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचे फलित याहून लहान, पण निश्चित आहे. तीन वर्षांच्या मुलाला एक सोबती मिळतो, त्याच्या आईला एक शेजारीण मिळते, आणि दोघींना एकमेकींच्या घरचा पत्ता माहीत होतो. अवघड दिवसांत माणसे ज्या दारावर थाप मारतात, ते दार बहुधा असेच ओळखीचे झालेले असते. जी महाविद्यालये प्रौढांना शिकविण्यासाठी उभी आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन सकाळी आपले अंगण या मुलांसाठी मोकळे करावे. त्यासाठी अनुदानाची वा मंजुरीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.