फोटोग्राफीचे कॉलेज निवडताना



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांच्याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा असला तरी तो आपल्याच घरांतून आलेला आहे. बारावीचा निकाल लागला की ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात आलेले सभासद निघता निघता हळूच विचारतात, "साहेब, पोरगी म्हणतीय फोटोग्राफी शिकायची. त्याचं बी कॉलेज असतंय काय?" असते. एक नव्हे, पुष्कळ आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी मुलाला किंवा मुलीला नेमके काय करायचे आहे ते विचारून घ्या. लग्नाचे फोटो, जाहिरातीचे फोटो, वर्तमानपत्राचे काम आणि सिनेमाचा कॅमेरा ही चार वेगळी शेते आहेत. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झाली. तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम चित्रपटाच्या छायालेखनाचा आहे आणि तो पदवीनंतरचा आहे. बारावी झालेल्या मुलाला घेऊन तिथे गेलात तर गाडीभाडे वाया जाईल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेतील फोटोग्राफीचे शिक्षणही पदवीनंतरचेच असून ते गांधीनगरला चालते.

बारावीनंतर जायचे तर मुंबईचे सर जे. जे. आहे. मूळ कलाशाळा १८५७ सालची, आणि २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथल्या उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीत फोटोग्राफी हा एक विषय म्हणून शिकवतात. मुलाने शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल तर त्याच्या हाताला वळण असते, ते इथे कामी येते. निव्वळ फोटोग्राफीची पदवी हवी असेल तर पुण्यात काही खासगी विद्यापीठांत ती मिळते. हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर व फाईन आर्ट्स विद्यापीठातही आहे, मात्र परराज्यातल्या मुलांसाठी जागा किती, हे आधी विचारावे. दहावीनंतर लवकर कमाईला लागायचे असेल तर आय.टी.आय.मध्ये डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आय.टी.आय.मध्ये नसतो.

"मोबाईलवर सगळेच फोटो काढतात, मग कॉलेज कशाला?" असे काही जण म्हणतात. त्यांनी घरातला स्टीलचा तांब्या पुढे ठेवून त्याचा फोटो काढून पाहावा. तांब्यात खिडकी दिसेल, छताचा पंखा दिसेल आणि फोटो काढणारा स्वतःही दिसेल. तांब्या तेवढा नीट दिसणार नाही. जाहिरातीवाला त्याच्या भोवती पांढरे पडदे लावतो, उजेड पडद्यातून गाळून आणतो, मध्येच काळी पट्टी उभी करून कडा उठावदार करतो. एका तांब्यापायी अर्धा दिवस जातो. कॉलेजात शिकायचा आहे तो हा उजेड. कॅमेऱ्याची बटणे कुणीही आठवड्यात शिकतो.

म्हणून कॉलेज पाहायला गेलात की स्टुडिओ उघडून दाखवा म्हणा. दिवे किती आणि मुले किती, ते मोजा. कॅमेरा कॉलेजचा मिळतो की घरून आणायचा, संध्याकाळी आणि रविवारी स्टुडिओ मुलांना उघडा असतो की कुलूप असते, हेही विचारा. आपण बेणे घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यावर जात नाही. मळ्यात शिरतो, डोळा बघतो, नऊ-दहा महिन्यांचे आहे की जून झाले आहे ते बघतो, काणी किंवा गवताळ वाढ दिसते का ते बघतो. माहितीपुस्तकात कॉलेज आपले सर्वात चांगले दहा फोटो छापणारच. तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या अख्ख्या वर्गाचे काम मागा. मधल्या मुलाचे काम कसे आहे, यावरून शिकवणे कळते. शिक्षक स्वतः अजून धंद्यात काम करतात का, तेही पाहावे. दर कसा सांगायचा, करार कसा लिहायचा, काढलेल्या फोटोवर हक्क कुणाचा, हे जिथे शिकवतात ते कॉलेज माझ्या मते दोन पावले पुढचे.

आता पैशाचे. सरकारी आणि खासगी संस्थेच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक असतो. समजा खासगी कॉलेजची फी वर्षाला २ लाख आहे, तर चार वर्षांचे ८ लाख झाले. टनाला ३००० रुपये धरले तर हा सुमारे २६७ टन उसाचा पैसा झाला. एकरी ४० टनाने पावणेसात एकरांचा ऊस, तोही खत, पाणी आणि मजुरी वजा न करता. वसतिगृह, कॅमेरा, लेन्स आणि संगणक यात धरलेले नाहीत. जमीन गहाण ठेवण्याआधी हा आकडा घरच्यांनी मुलासमोर बसून मांडावा, त्याच्या पाठीमागे नको. संस्थेला आणि अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहावे. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो. मान्यता नसेल तर बँकेचे शैक्षणिक कर्जही अडते.

पदवीशिवाय हा धंदा जमतच नाही, असे मात्र नाही. रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. आपले गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर होते. उलट, देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे.मध्ये शिकलेल्या. गिऱ्हाईक पदवी विचारत नाही, काम बघतो. शिक्षकाची किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर तिथे पदवी लागते. मन पक्के नसेल तर मुलाला एक लग्नसराई तालुक्याच्या चांगल्या स्टुडिओत हाताखाली पाठवा. रात्री दोन वाजेपर्यंत दिवा धरून उभे राहिल्यावरही त्याची हौस टिकली, तर मग कॉलेजचे बघा.

या प्रवेशपरीक्षांचे बरेचसे अर्ज ऐन गाळप हंगामात निघतात, आणि तोडणीच्या गडबडीत तारीख निघून जाते. अधिवास, उत्पन्न आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला दिवाळीच्या आत काढून ठेवावा.